साठ पिढ्या तोंडपाठ

बापाच्या नावाचा शेवट तोच मुलाच्या नावाचा आरंभ. चीनचा युनान प्रांत, म्यानमारचं शान राज्य, उत्तर लाओस आणि थायलंडचा चियांग राय प्रांत इथल्या डोंगरांत राहणारे अखा लोक मुलांची नावं अशी अंत्याक्षरीच्या नियमानं ठेवत आले आहेत. मूळपुरुष सुमिओ, त्याच्यानंतर ओतोले, मग तोलेझुम. ही साखळी आजच्या माणसापर्यंत येते तेव्हा साठेक पिढ्या झालेल्या असतात. अखांकडे परंपरेनं लिपी नाही, त्यामुळे सगळी वंशावळ तोंडपाठ.

हे पाठांतर रोजच्या व्यवहाराचं आहे. दोन अनोळखी अखा भेटले की आपापली वंशावळ म्हणू लागतात. नावं जिथे फुटतात तिथून नातं ठरतं, आणि लग्न जमेल की नाही हेही. सात पिढ्यांच्या आत एकच पूर्वज निघाला तर सोयरीक होत नाही. लग्नानंतर मुलगी नवऱ्याच्या कुळात जाते. पण घरातलं पितरांचं स्थान असतं बायकांच्या बाजूला. मला यातली ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते: वंश पुरुषांच्या नावांनी मोजायचा आणि पितर बायकांच्या दालनात ठेवायचे!

या नावांनी इतिहासकारांनाही मदत केली. आठव्या शतकातल्या युनानमधल्या नानचाओ राज्याच्या राजघराण्यातली नावं पाहा: पिलोगे, त्याचा मुलगा गेलोफेंग, त्याचा मुलगा फेंगच्यायी. तीच साखळी! भाषाशास्त्रज्ञ लुओ चांगपेई यांनी 1945 साली अखांसारख्या तिबेटी-बर्मी भाषा बोलणाऱ्या समाजांतल्या या पद्धतीवर लेख लिहिला. नानचाओ हे थाई लोकांचं राज्य होतं, हा जुना समज त्यामुळे डळमळीत झाला.

गावाची घडीही अशीच पक्की. झोएमा हा गावाचा धार्मिक प्रमुख, तर पिमा वंशावळी आणि मंत्र म्हणणारा. गावाच्या वेशीवर लाकडी दार उभारतात, शेजारी कोरलेली स्त्री-पुरुषांची जोडी. आतलं जग माणसांचं, बाहेरचं जंगल भुताखेतांचं. दार दरवर्षी नव्यानं बांधतात.

थायलंडमध्ये 1913 च्या कायद्यानं आडनाव सक्तीचं झालं. शाळेत आणि कागदपत्रांवर अखा मुलांना थाई नावं लागतात, आणि त्या नावांत बापाच्या नावाचा धागा राहत नाही. जुने पिमा हयात आहेत तोवर त्यांच्या तोंडून या वंशावळी ध्वनिमुद्रित करून घेणं, हेच आज सर्वांत निकडीचं काम आहे.