थंड किनाऱ्याची बेटे

पृथ्वीचा गोल समोर घ्या आणि नॉर्वे देशाच्या उत्तर टोकापासून बोट उत्तर ध्रुवाकडे सरकवीत न्या. जवळजवळ अर्ध्या वाटेवर बेटांचा एक पुंजका तुम्हांस दिसेल. हाच स्वालबार्ड द्वीपसमूह होय. स्वालबार्ड म्हणजे थंड किनारा. हे नाव किती सार्थ आहे पाहा! येथील निम्म्याहून अधिक भूमी बाराही महिने बर्फाखाली असते. उन्हाळ्यात सुमारे चार महिने सूर्य मावळत नाही आणि हिवाळ्यात जवळजवळ तितकाच काळ त्याचे दर्शन घडत नाही. वृक्ष म्हणावा असा येथे एकही नाही.

१५९६ साली विल्लेम बॅरेंट्स हा डच दर्यावर्दी पूर्वेकडे जाणारा उत्तरेचा जलमार्ग शोधीत असता त्याला ही भूमी दिसली. समुद्रातून वर आलेली अणकुचीदार शिखरे पाहून तिला स्पिट्सबर्गेन, म्हणजे टोकदार पर्वत, असे नाव मिळाले. आज समूहातील सर्वांत मोठ्या बेटास हेच नाव आहे.

आजचा प्रवासी बहुधा लाँगयिअरबायेन या गावी उतरतो. जॉन लाँगयिअर या अमेरिकन उद्योजकाने १९०६ साली कोळशाच्या खाणीसाठी ते वसविले. जेथे झाड उगवत नाही, तेथे कोळसा कोठून आला? कोट्यवधी वर्षांपूर्वी येथील हवा उबदार होती व अरण्येही होती. त्यांचाच हा कोळसा झाला. नॉर्वेची येथील शेवटची खाण २०२५ साली बंद झाली.

येथून आगबोट किनाऱ्याने उत्तरेस निघाली, की सृष्टीचे अद्भुत दर्शन घडू लागते. हिमनद्यांनी कोरलेल्या खोल दऱ्यांत समुद्र शिरून येथे लांबच लांब खाड्या झाल्या आहेत. त्यांना फियोर्ड म्हणतात. कोंग्सफियोर्डच्या शेवटी बर्फातून तीन शिखरे वर आलेली दिसतात. स्वीडन, नॉर्वे व डेन्मार्क या तीन देशांची आठवण देणाऱ्या या शिखरांना 'तीन मुकुट' म्हणतात. खाली हिमनदीची निळसर भिंत उभी असते. तिचा एखादा कडा गडगडाट करीत पाण्यात कोसळतो, तेव्हा साऱ्या खाडीत लाटा उसळतात.

याच खाडीच्या काठी नी-ओलेसुंद हे गाव आहे. १९२६ साली आमुंडसेन व त्याचे सोबती येथूनच हवाई जहाजाने उत्तर ध्रुवावरून अलास्कास गेले. ते जहाज बांधण्याचा उंच खांब अजून उभा आहे. १९२० च्या पॅरिस कराराने या बेटांवरील सत्ता नॉर्वेकडे आली. भारतही त्या करारात आहे. २००८ साली 'हिमाद्री' हे भारताचे संशोधन-केंद्र या गावी सुरू झाले. हिमनद्या व हवामान यांत होणारे बदल आपले शास्त्रज्ञ तेथे अभ्यासतात.

वायव्य टोकाशी मात्र मन गंभीर होते. तेथे स्मीरेनबुर्ग, म्हणजे चरबीचे गाव, होते. सतराव्या शतकात डच लोक येथे देवमाशांची चरबी मोठ्या कढयांत कढवून दिव्यांसाठी व साबणासाठी तेल काढीत. कित्येक खलाशी या थंडीत मरण पावले. १९८० साली त्यांची काही थडगी उकरली, तेव्हा कवट्यांवर लोकरीच्या रंगीत टोप्या तशाच आढळल्या. थंडीमुळे चेहरे इतके झाकलेले असत, की हे खलाशी एकमेकांस टोपीच्या पट्ट्यांवरूनच ओळखीत!

पुढे देवमासे इतके मारले गेले, की खाड्या ओस पडल्या आणि गावही उठले. चरबीच्या भट्ट्यांची दगडासारखी घट्ट झालेली वर्तुळे तेवढी वाळूत उरली. तेव्हा मारल्या गेलेल्या त्या जातीचे देवमासे आजही या पाण्यात क्वचितच दिसतात.

थंडीमुळे येथे काहीही लवकर कुजत नाही. मनुष्याने ठेवलेली खूण शतकानुशतके टिकते. म्हणूनच १९४६ पूर्वीची प्रत्येक मानवी खूण तेथे कायद्याने रक्षिलेली आहे. जुना खिळा किंवा शिकारीच्या जागेवरील देवमाशाचे हाडही कोणी उचलू शकत नाही. ज्या किनाऱ्यावरून माणसांनी एकेकाळी जे हाती लागेल ते नेले, तेथून आजचा प्रवासी रिकाम्या हातांनी परततो. त्याने पाहिलेले तेवढे त्याचे असते.