वरणफळे, शेंगोळी व कुटुंबाचे पोषण

पिठाच्या वळ्या, चकत्या किंवा गोळे करून ते वरणात, आमटीत अथवा वाफेवर शिजविण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. वरणफळे (यांसच काही भागांत चकोल्या म्हणतात), कुळथाची शेंगोळी, खानदेशातील डाळीचे फुणके, नागपंचमीची दिंडे व कोकणातील उकडीचे मोदक ही या एकाच कुळातील अन्ने होत. ती पोटभरीची आहेत यात शंका नाही. परंतु ती पोषक आहेत काय, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर १०० बालकांपैकी सुमारे ६९ बालके रक्तक्षयग्रस्त होती. अशा स्थितीत पोट भरणे व शरीराचे पोषण होणे यांतील भेद प्रत्येक गृहिणीने जाणला पाहिजे.

धान्याच्या प्रथिनात लायसिन हा घटक कमी असतो. डाळीत तो भरपूर असतो. उलट डाळीत मेथिओनिनची उणीव असते व ती धान्य भरून काढते. वरणफळांत हे दोन्ही एकाच भांड्यात एकत्र येतात. शिवाय शिजविलेले पाणी टाकून दिले जात नाही, त्यामुळे त्यात उतरलेली जीवनसत्त्वे व क्षार वाया जात नाहीत.

तथापि हा लाभ डाळीच्या प्रमाणावर अवलंबून आहे. ८० ग्रॅम कणीक व ४० ग्रॅम तूरडाळ यांपासून सुमारे १७ ग्रॅम प्रथिने मिळतात. डाळ महाग झाली म्हणून ती १० ग्रॅमवर आणली व वरणात पाणी वाढविले, तर हाच आकडा साडेदहाच्या आसपास उतरतो. ताट दोन्ही वेळा भरलेलेच दिसते! हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सुचविलेल्या २००० उष्मांकांच्या आहारात दिवसाला २५० ग्रॅम धान्य व ८५ ग्रॅम कडधान्ये आहेत. म्हणजे तीन भाग पिठास किमान एक भाग डाळ, हे माप लक्षात ठेवावे.

हलक्या जमिनीच्या शेतकऱ्यास कुळीथ विशेष उपयोगी आहे. हे पीक कमी पावसात येते व त्यात सुमारे २२ टक्के प्रथिने असतात. शेंगोळीसाठी कुळीथ भाजून दळावा व त्यात ज्वारीचे पीठ मिसळावे. ज्वारीस गव्हासारखा चिवटपणा नसल्याने नुसत्या ज्वारीची फळे रश्श्यात फुटतात. त्यासाठी पीठ उकळत्या पाण्याने भिजवावे व थोडी कणीक घालावी.

पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. वरणात शेवगा, मेथी, पालक किंवा दुधी यांपैकी जे परसात असेल ते घालावे.

२. वाढताना वरून लिंबू पिळावे. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे अन्नातील लोह अंगी लागते; ते उष्णतेने नाश पावते म्हणून शिजविताना घालू नये. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, त्याने लोहाचे शोषण कमी होते.

३. फोडणी बेताची असावी. एक ग्रॅम तेलातून ९ उष्मांक मिळतात. म्हणून तळलेल्या मोदकापेक्षा उकडीचा मोदक बरा.

४. मोदक व दिंडे यांत गूळ असतो आणि गूळ ही साखरच होय. ती सणापुरतीच ठेवावीत. मधुमेही व्यक्तींनी पिठाचे प्रमाणही मोजून घ्यावे.

५. सहा महिन्यांवरील बालकास अखंड फळ देऊ नये, ते घशात अडकण्याचा धोका असतो. वरणात मऊ कुस्करून भरवावे.

सारांश, वरणफळे व शेंगोळी हे आरोग्यास हितकर अन्न आहे, मात्र त्यात डाळीची काटकसर होता कामा नये. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी महिलांच्या पुढील बैठकीत एक वाटी डाळ व तीन वाट्या पीठ प्रत्यक्ष शेजारी मांडून हे प्रमाण दाखवावे. बांधावर तुरीची एक ओळ व परसात एक शेवगा एवढी तरतूद केली, तर या अन्नाचा बराचसा भाग घरच्या घरीच मिळेल.