बाईकच्या हँडलवरचा फोन आणि तरंगती लेन्स

आधी एक प्रयोग. फोन कानाशी धरून हळूच हलवा. कॅमेऱ्यात ओआयएस असेल, म्हणजे हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय, तर बऱ्याच मॉडेलमध्ये बारीक खुळखुळ ऐकू येते. आता कॅमेरा चालू करून हलवा. थांबली? काही तुटलेलं नाहीये. ती लेन्स आहे, करंट मिळाल्यावर कॉइल आणि चुंबकांनी तिला धरून ठेवलंय.

जायरोस्कोप सांगतो हात किती हलला, हॉल सेन्सर सांगतो लेन्स कुठंय, आणि चिप त्या हिशोबानं कॉइलमधला करंट क्षणाक्षणाला बदलते. एवढी उठाठेव का? कारण नुसती कायमची चुंबकं मांडून वस्तू हवेत स्थिर राहत नाही. जरा ढळली की गेलीच. सॅम्युएल अर्नशॉनं हे १८४२ मध्येच गणितानं दाखवलं. म्हणून फोनमध्ये बहुधा बारीक स्प्रिंगांचा आधार असतो. हार्टमेट ३ नावाच्या हृदयाच्या पंपात तोही नाही. आतलं चाक रक्तात कशालाही न टेकता फिरतं, फक्त सेन्सर आणि करंटच्या जोरावर.

आता आपल्या संभाजीनगरचं बोलू. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, शॉकअप बनवणारी एन्ड्युरन्सही तिथलीच. बाबा पेट्रोल पंपावरून तिकडं निघा, हँडलवर मॅप लावलेले फोन किती दिसतात मोजा! शॉकअप खड्ड्याचा दणका खातो. पण इंजिनची थरथर त्याच्या हातात नाही, ती फ्रेममधून थेट हँडलला येते. ६,००० आरपीएमला क्रँक सेकंदाला १०० वेळा फिरतो. स्प्रिंगवरच्या लेन्सचीही स्वतःची लय असते. दोन्ही लयी जुळल्या की झोका वाढतच जातो.

२०२१ मध्ये अ‍ॅपलनं स्वतःच सांगितलं: ताकदवान मोटरसायकलवर आयफोन थेट लावू नका, ओआयएस आणि ऑटोफोकस बिघडू शकतात. स्कूटर किंवा इलेक्ट्रिक गाडीची थरथर कमी, तरी थरथर शोषणारा माउंट घ्या.

डिलिव्हरी करणाऱ्या पोरांना फोन खिशात ठेवून चालत नाही, त्यांनी तर हा खर्च कराच, फोनचे हप्ते फिटायचे असतात. चुंबकवाला होल्डर मात्र नको. हॉल सेन्सर चुंबकाचाच जोर मोजतो, शेजारी दुसरं चुंबक आलं की त्याचा हिशोब चुकू शकतो.

फोटो थरथरायला लागले, फोकस मागंपुढं पळायला लागला, तर आधी हँडलवर संशय घ्या. अपडेट मारून स्प्रिंग सरळ होत नाही.