पन्नास चौरस मीटर धान

भंडारा जिल्ह्यातल्या नाकाडोंगरीच्या शिवारात जड धान कापणीला आलं की पीक कापणी प्रयोगाची घाई सुरू होते. बांधीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर उभा राहून कृषी सहायक कागदावरचे दोन आकडे वाचतो. लांबीकडे इतकी पावलं, रुंदीकडे इतकी. आकडे यादृच्छिक, गटही तसाच निवडलेला. "तिकडचं पावसानं लोळलं जी, ते धरा ना साहेब," शेतकरी विनवतो. त्याचं नुकसान खरंच आहे. पण खुंटी आकडा नेईल तिथंच ठोकावी लागते, नाहीतर पुढचा सगळा हिशेब वाया.

दहा बाय पाच मीटरचा चौकोन. कर्ण 11.18 मीटर भरला, म्हणजे कोपरे काटकोनात आले. मग दोरी ताणायची, आणि खरी कसोटी इथंच लागते. दोरीवर आलेला धानाचा बुंधा आत की बाहेर? मूळ आत असेल तरच घ्यायचा. पण विळा धरलेला हात भरलेली लोंबी सहसा बाहेर सोडत नाही. चारी बाजूंनी पाच सेंटीमीटर जास्त कापलं, तर या चौकोनात तीन टक्के वाढ होते. एक मीटरच्या चौकोनात तीच चूक एकवीस टक्क्यांवर जाते. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे यांनी 1946 साली 'नेचर'मध्ये हेच दाखवलं होतं: तुकडा लहान असेल, तर उत्पादन फुगून दिसतं. दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे. दोघांचा वाद गाजला. विळा धरून पाहिल्यावर मला सुखात्मेच पटतात.

दुसरा प्रश्न, असे तुकडे किती हवेत? चूक निम्मी करायची तर प्रयोग चौपट करावे लागतात. तेवढी माणसं आणि तेवढे दिवस कापणीच्या हंगामात मिळत नाहीत.

कडपा झोडून, धान उफणून काट्यावर चढतं. हेक्टरमागे असे दोनशे चौकोन, म्हणून काट्यावरच्या एका किलोचे हिशेबात दोन क्विंटल होतात आणि अशा प्रयोगांवर साऱ्या महसूल मंडळाची विमा भरपाई ठरते. ओल्या धानाचं वजन खरं धरता येत नाही. काही ठिकाणी नमुना वाळवून पुन्हा तोलतात.

आता पीक विम्यात उपग्रहाच्या चित्रांवरून काढलेला अंदाजही धरतात. त्या संगणकी गणिताला शिकवायला आणि तपासायला मात्र शेतातलं वजनच लागतं. दोरीवर झालेली चूक मग त्या गणितातही उतरते. म्हणून दोरी धरायला आणखी दोन शिकलेले हात द्यावेत, हा खर्च मला अजिबात जास्त वाटत नाही.