माशांच्या टाकीला दिवा कोणता?

दुपारची आवराआवर झाली असेल, जरा टेकला असाल, तर आजचा विषय ऐका. वरवर पाहता तो पोराबाळांच्या हौसेचा आहे. पण त्यात विजेचं बिल आहे, घरच्यांच्या जिवाची काळजी आहे आणि ज्यांना बोलता येत नाही अशा जिवांचाही प्रश्न आहे. आज आपण बोलणार आहोत, घरातल्या माशांच्या टाकीला एलईडी दिवा कसा निवडायचा याबद्दल.

विषय निघाला तो आमच्या गटाच्या बैठकीत. गटातल्या एका ताईंची लेक आठवीला आहे. डासांच्या अळ्या खाण्यासाठी पाण्याच्या हौदात गप्पी मासे सोडतात, ते तिने आधी बरणीत पाळले. मग हट्ट धरून दोन फुटी काचेची टाकी आणली. टाकीबरोबर रंगीबेरंगी एलईडीची पट्टी मिळाली, रिमोटवर रंग बदलणारी. घरात सगळ्यांना ती इतकी आवडली की सकाळी सहाला लावलेली पट्टी रात्री अकरालाच बंद व्हायची. रात्री उठणाऱ्याला उजेड हवा म्हणून कधी कधी ती रात्रभरही चालू राहायची.

तीन आठवड्यांत पाणी हिरवंगार झालं. काचेवर शेवाळाचा थर बसला. पहाटे पाहावं तर मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. दोन गप्पी गेले. लेकीने रडून घर डोक्यावर घेतलं. ताई शेवाळ खरवडायला पाण्यात हात घालायला गेल्या, तर हाताला मुंग्या आल्या. त्यांनी झटकन हात मागे घेतला म्हणून बरं. पट्टीच्या वायरचा जोड नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळलेला होता आणि त्यात पाणी शिरलं होतं.

ताई म्हणाल्या, "आता टाकीच काढून टाकते." आम्ही म्हटलं, थांबा. दोष टाकीचा नाही, माशांचाही नाही. दिवा न विचारता आला आणि न मोजता चालला, एवढंच झालंय.

पहिली गोष्ट ही ध्यानात घेऊ, की दिवा आपल्यासाठी किती शोभतो हे नंतर पाहायचं. आधी विचारायचं, या टाकीत राहतंय कोण?

नुसते मासे असतील तर त्यांना फारसा उजेड लागतच नाही. आपण त्यांना पाहू शकू आणि दिवस उगवला, मावळला हे त्यांना कळेल, एवढा पुरतो. उलट काही माशांना झगझगीत उजेड सोसत नाही. निऑन टेट्रा हा चमकत्या निळ्या पट्ट्याचा मासा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथल्या जंगलातले ओढे झाडांच्या सावलीत असतात आणि कुजलेल्या पानांमुळे पाणी चहासारखं तांबूस असतं. फायटर मूळचा थायलंडच्या बाजूचा, भातखाचरांत आणि गवताळ उथळ पाण्यात राहणारा. आपल्या देशातल्या ओढ्यांत आणि भातशेतीच्या पाण्यात सापडणारा झेब्रा मासाही असाच गवताच्या आडोशाला असतो. अशा माशांना वरून प्रखर दिवा मारला तर ते फिके पडतात, दगडामागे दडून बसतात. माशांना पापण्या नसतात. डोळे मिटून घेण्याची सोय त्यांना नाही, हे आपण विसरतो.

टाकीत खऱ्या वनस्पती असतील तर मात्र उजेड हे त्यांचं अन्न शिजवण्याचं इंधन आहे. पण त्यातही फरक आहे. जावा फर्न, जावा मॉस, अनुबियास या वनस्पती कमी उजेडावर जगतात, हळूहळू वाढतात. हिरवळीसारखी पसरणारी नाजूक झाडं किंवा लाल पानांची झाडं घ्याल, तर त्यांना जास्त उजेड लागतो, खत लागतं आणि बहुतेक वेळा पाण्यात कार्बन डायऑक्साइड वायूही सोडावा लागतो. पहिल्यांदा टाकी करणाऱ्या घराने त्या वाटेला जाऊ नये, असं आम्हाला वाटतं.

आता दुकानात गेल्यावर खोक्यावर काय वाचायचं ते पाहू.

वॉट म्हणजे दिवा वीज किती खातो. त्यावरून उजेड कळत नाही. उजेडाचं माप म्हणजे ल्युमेन. चांगला एलईडी एका वॉटला साधारण शंभर ल्युमेन देतो. काही खोक्यांवर नुसते वॉट मोठ्या अक्षरात असतात आणि ल्युमेन लिहिलेलेच नसतात. असा खोका परत ठेवा.

किती ल्युमेन हवेत, याचा हिशेब सोपा आहे. टाकीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि हजाराने भागा. लिटर निघतील. ताईंची टाकी ६० बाय ३० बाय ३०, म्हणजे ५४ लिटर. वाळू, दगड आणि वर सोडलेली जागा वजा केली तर पाणी धरा ४५ लिटर. नुसते मासे असतील तर लिटरला १० ल्युमेनही पुष्कळ झाले, म्हणजे साडेचारशे, पाच वॉटचा दिवा. साध्या वनस्पती असतील तर लिटरला २० पर्यंत, म्हणजे नऊशे, नऊ-दहा वॉट. हा ठोकताळा आहे, शास्त्राचा काटा नाही. टाकी दीड फुटापेक्षा खोल असेल, तर तळाशी उजेड कमी पोचतो, तिथे थोडा जास्त धरायचा.

तिसरा आकडा 'के' अक्षरासमोर असतो. तो उजेडाचा रंग सांगतो. २७०० किंवा ३००० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर उजेड. ६५०० म्हणजे भर दुपारच्यासारखा पांढरा. गोड्या पाण्याच्या टाकीला ५००० ते ७००० मधला पांढरा दिवा चांगला. झाडंही वाढतात, माशांचे रंगही खरे दिसतात. १०,००० च्या पुढचे निळसर दिवे समुद्राच्या पाण्यातल्या प्रवाळांसाठी असतात. ते आपल्या गप्पी-मॉलीसाठी घेऊ नका. नुसत्या जांभळ्या-गुलाबी दिव्याखाली झाडं वाढतात, पण मासे आजारी आहेत की ठीक, हे त्या रंगात ओळखू येत नाही.

चौथा आकडा सीआरआय. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, त्याचं हे शंभरपैकी माप. साडीच्या दुकानात एक रंग दिसतो आणि बाहेर उन्हात वेगळाच निघतो, हे आपण सगळ्यांनीच अनुभवलंय. तो दिव्याचा खेळ असतो. टाकीसाठी ८० च्या वरचा घ्या, ९० असेल तर उत्तमच.

आता तुम्ही म्हणाल, एलईडीच का? पूर्वी टाकीच्या झाकणात साठ वॉटचा बल्ब लावत. तो उजेड थोडा आणि उष्णता फार देई. आपल्या सोलापूर भागात मे महिन्यात घरातलं पाणी आधीच तापतं. या माशांना साधारण २४ ते २८ अंशांचं पाणी मानवतं आणि पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. वरून बल्बची धग कशाला? शिवाय दहा वॉटचा एलईडी रोज सात तास लावला, तर महिन्याला दोन युनिटच्या जरा वर जातात. तेवढाच वेळ साठ वॉटचा बल्ब लावला तर साडेबारा युनिट. हा घरगुती दिवा शक्य झाला तो निळ्या एलईडीमुळे. निळ्या उजेडावर पिवळ्या पुडीचा थर दिला की पांढरा उजेड मिळतो. त्या निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

एलईडीही अगदी थंड नसतो बरं का. त्याची पाठ गरम होते. म्हणून त्यावर कापड, वर्तमानपत्र किंवा माशांच्या खाद्याचा डबा ठेवू नका. त्याला वारा लागू द्या.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, वेळ. चांगला दिवा घेऊन तो सतरा तास जाळला तर ताईंच्या टाकीसारखंच होणार. शेवाळालाही उजेड आणि खत हेच लागतं. खत म्हणजे माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य. ते टाकीत असतंच. त्यात रात्रंदिवस उजेड मिळाला की शेवाळाचं फावतं. दिवसा ते शेवाळ प्राणवायू सोडतं, पण अंधारात तेही प्राणवायू ओढतं. म्हणून पहाटे पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो आणि मासे वर येऊन धापा टाकतात.

काही जणी विचारतात, उष्ण प्रदेशात दिवस बारा तासांचा असतो, मग दिवा बारा तास का नको? तर त्या ओढ्यांवर झाडांची सावली असते आणि पाणी वाहतं असतं. आपली टाकी म्हणजे साचलेलं पाणी आणि वर हातभर अंतरावर दिवा. नव्या टाकीला सहा तास पुरे. महिनाभर सगळं ठीक राहिलं तर सात-आठ. बाकी वेळ खोलीतला साधा उजेड असतोच. साधा टायमर प्लगला लावला की आठवण ठेवायला नको. संध्याकाळी चार ते दहा ठेवला, तर मुलं शाळेतून आल्यावर मासे पाहता येतात आणि दुपारच्या उन्हात दिव्याची उष्णताही टळते. रात्री मात्र पूर्ण अंधार. निळा दिवा रात्रभर नको. मासेही झोपतात. सकाळी अंधारातून एकदम दिवा लावला तर ते बिचकून काचेवर आपटतात, म्हणून आधी खोलीतला दिवा लावा, मग टाकीचा. आणि टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नका.

आता सुरक्षेचं. हे कान देऊन ऐका, घरातल्या मुलांनाही ऐकवा.

पाण्यात हात घालण्याआधी टाकीचे सगळे प्लग काढायचे. नुसतं बटण बंद करून भागत नाही. दिवा शक्यतो १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा घ्या आणि तो अडॅप्टर टाकीपासून दूर, पाणी उडणार नाही अशा ठिकाणी ठेवा. दिव्यावर आयपी क्रमांक पाहा. आयपी ६५ म्हणजे पाण्याचे फवारे सोसणारा, पण बुडवायचा नाही. ६७ म्हणजे चुकून पाण्यात पडला तर थोडा वेळ टिकणारा. कायम पाण्यात राहायचा असेल तर ६८ च हवा. वायर टाकीवरून थेट बोर्डाकडे नेऊ नका. ती आधी बोर्डाच्या खाली लोंबू द्या आणि मग वर प्लगकडे न्या. म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता खाली जमिनीवर पडेल. जोड दिलेली वायर वापरायचीच नाही. घरात अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. पाण्यात हाताला मुंग्या आल्या, तर "थोडंसं येतं, चालतं" असं म्हणू नका. थोडंसं येणं हीच धोक्याची सूचना आहे.

लाइट गेली तर दिव्याची चिंता करू नका. एक-दोन दिवस दिवा नसला तरी मासे आणि झाडं तग धरतात. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर हवेचा पंप लावा, दिवा नको.

बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने झाकणाच्या काचेवर पांढरे डाग पडतात आणि उजेड अडतो. झाकण बाजूला काढून लिंबाने किंवा व्हिनेगरने पुसा, साध्या पाण्याने धुवा आणि मग परत लावा. काचेवर शेवाळ वाढू लागलं तर दिव्याचा एक तास कमी करा. झाडं लांबट, विरळ होऊ लागली तर अर्धा तास वाढवा. एक बदल केला की दोन आठवडे थांबा, भाजीत मीठ घालून चव पाहतो तसं.

ताईंच्या घरी काय झालं, ते सांगून थांबतो. पट्टी टाकून दिली. दहा वॉटचा साधा पांढरा दिवा आणला, टायमर लावला, सहा तासांवर. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं, खाद्य निम्मं केलं. महिन्याभराने पाणी निवळलं. उरलेल्या गप्पींना पिल्लं झाली. आता रात्री दहा वाजता टाकीचा दिवा आपोआप बंद होतो, तेव्हा ती लेक घरातल्यांना सांगते, "हळू बोला, मासे झोपले."

तुमच्या टाकीबद्दल काही विचारायचं असेल तर टाकीची लांबी, रुंदी, उंची आणि आत कोण राहतंय एवढं लिहून केंद्रावर कळवा. आपण मिळून हिशेब करू.