केमो चालू असताना पडून राहायचे की चालायचे?

कॅन्सर निघाला की आपल्याकडे आधी खाट टाकली जाते. नरडाण्याच्या आसपासच्या गावांत आणि शिरपूरच्या वरच्या अंगाला पाड्यांवर भेटी देताना हे वारंवार दिसते. घरची माणसे मायेनेच म्हणतात, "तू आता हलू नको, आम्ही आहोत." मंडळीतील भगिनी प्रार्थनेला येतात आणि निघताना त्याही सांगतात, "ताई, पूर्ण आराम करा."

आराम लागतोच. ऑपरेशननंतरचे पहिले दिवस, केमो घेतल्यावर अंग पेलत नाही ते दोन-चार दिवस, यांत झोपावेच. पण उपचार कित्येक महिने चालतात. तेवढा काळ खाटेवर काढला तर मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू झिजतात. मग संडासपर्यंत जायलाही धाप लागते, आणि घरचे म्हणतात, बघा, आजार वाढला. पुष्कळदा तो आजार नसतो, पडून राहिल्याने आलेली कमजोरी असते. शिवाय सतत पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, आणि कॅन्सरच्या रोग्याला तो आधीच जास्त असतो.

कॅन्सरचा थकवाही वेगळा असतो. शेतातून दमून आलेला माणूस रात्रभर झोपला की सकाळी ताजा होतो. हा थकवा झोपेने जात नाही. तो थोड्या थोड्या हालचालीने उतरतो, हे ऐकायला उलटे वाटते, पण अनेक देशांतील पाहणीत तसेच दिसले आहे. म्हणूनच अमेरिकेतील कॅन्सर डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने २०२२ साली सांगितले की उपचार चालू असतानाही रोग्याला व्यायाम सुचवावा. आपल्या परळच्या टाटा रुग्णालयाने स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० स्त्रियांना घेऊन योगाची चाचणी केली. तीत थकवा आणि वेदना कमी झाल्याचे दिसले. (योगाविषयी आपल्यापैकी काहींच्या मनात प्रश्न असतात, हे मला ठाऊक आहे. ज्यांना तो नको त्यांनी चालावे. चालण्याबद्दल कोणाची हरकत नसावी.)

जून २०२५ मध्ये आणखी एका अभ्यासाचे निष्कर्ष छापून आले. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ८८९ रोगी, बहुतेक कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. ऑपरेशन आणि केमो संपल्यावर निम्म्यांना तीन वर्षे मार्गदर्शक देऊन नियमित व्यायाम करवला, बाकीच्यांना फक्त माहितीपुस्तिका दिली. आठ वर्षांनंतर व्यायामाच्या गटात शंभरातील सुमारे ९० जण हयात होते, दुसऱ्या गटात ८३. हा अभ्यास एका प्रकारच्या कॅन्सरचा आहे, म्हणून सगळ्यांना तोच आकडा लावू नये. आणि त्या सर्वांनी आधी पूर्ण उपचार घेतले होते. "चालून कॅन्सर बरा होतो, केमो कशाला?" असे कोणी गावात सांगू लागले तर त्याला तिथेच थांबवा.

किती चालावे? जाणकार सांगतात, आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी अर्धा तास, आणि दोन दिवस हातापायांना ताकद येईल असे हलके व्यायाम. हे गाठायचे ठिकाण झाले. सुरुवात अंगणात पाच मिनिटांनी झाली तरी चालते. केमो बहुधा तीन आठवड्यांच्या अंतराने असते. पहिला आठवडा खाली जातो, तिसऱ्यात अंगात जीव येतो. त्याप्रमाणे कमीजास्त करावे. वेग ओळखण्याची सोपी खूण अशी: चालताना बोलता यावे, पण गीत म्हणता येऊ नये. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे हाही चांगला व्यायाम आहे. आपल्या खानदेशच्या उन्हाळ्यात मात्र पहाटे किंवा दिवस मावळल्यावरच बाहेर पडावे. काही केमोने तळपायांना बधिरता येते, काटा रुतलेला कळत नाही. पाड्यावर अनवाणी चालण्याची सवय असली तरी या काळात चप्पल हवीच.

काही वेळी चालायचे नाही. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर व्यायाम बाजूला, आणि उद्यावर न टाकता दवाखान्यात जायचे. केमोत पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात आणि जंतुसंसर्ग तासातासाने वाढतो. छातीत दुखणे, बसल्या जागी धाप, चक्कर, कुठूनही रक्त येणे, एका पायाला अचानक सूज, यांतही तसेच. कॅन्सर हाडांत पसरला असेल तर वाकणे, वजन उचलणे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पांढऱ्या पेशी कमी असताना आठवडी बाजारात फिरणे म्हणजे व्यायाम नाही.

तोंडाच्या कॅन्सरविषयी थोडे जास्त लिहिते, कारण तंबाखू, गुटखा आणि मिश्री आपल्या घराघरांत आहे. ऑपरेशन आणि रेडिएशननंतर जबडा आखडतो. तोंड दोन बोटेही उघडेना झाले की भाकरी बंद होते आणि माणूस पातळ पेजेवर येतो. म्हणून जबडा उघडण्याचे व्यायाम शिकवतात: आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि हळूहळू एकेक काडी वाढवायची. मानेतील गाठी काढल्या असतील तर खांद्याचेही व्यायाम असतात. ते कंटाळवाणे असतात, दुखतात, आणि घरी आल्यावर बहुतेकजण सोडून देतात. रेडिएशनचा आखडा मात्र उपचार संपल्यावरही महिनोन्‌महिने वाढत राहतो.

शरद पवार यांना २००४ साली तोंडाचा कॅन्सर झाला. सकाळी कृषी मंत्रालयाचे काम करून दुपारी आपण उपचाराला जात होतो, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. उदाहरण धीर देणारे आहे. पण त्यांच्या दिमतीला गाडी होती, डॉक्टर होते. आपल्या पाड्यावरील बाईला ऑपरेशननंतर पंधरा दिवसांत हंडा उचलावा लागतो. तिला "हालचाल करा" सांगणे अर्धवट आहे. स्तनाच्या ऑपरेशननंतर हात हलवायचा, भिंतीवर बोटांनी वर चढवायचा, हे खरे. पण डोक्यावर हंडा, कापसाचे गाठोडे, दळण हे व्यायामात धरायचे नाही. हलके वजन फिजिओथेरपिस्टच्या सांगण्याप्रमाणे पायरीपायरीने वाढवावे. सिकलसेल असलेल्या घरांत तर आणखी जपावे. त्यांनी दमछाक होईपर्यंत काहीच करू नये, पाणी भरपूर प्यावे आणि उन्हात थांबू नये.

मंडळीला करण्यासारखे बरेच आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी दोघीजणी तिच्यासोबत चालायला जाऊ शकतात, प्रार्थना वाटेतही होते. पाणी भरायची पाळी लावता येते. उपचारासाठी मुंबईला जाणाऱ्या कॅन्सरच्या रोग्याला आणि सोबत्याला रेल्वेत भाड्याची सवलत मिळते. स्लीपरमध्ये रोग्याला पूर्ण, सोबत्याला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातील दाखला लागतो. तो पहिल्याच भेटीत मागून घ्यावा, आणि त्याच वेळी डॉक्टरांना विचारावे: हिने किती चालावे, काय उचलू नये? उत्तर कागदावर लिहून आणावे, म्हणजे घरी सासूबाईंनाही दाखवता येते.