घरचाच खासदार विरोधात उभा राहिला! ब्रिटनच्या वारसा कराच्या भांडणातून तुम्ही काय शिकाल?



आज एका छोट्या गणिताने सुरुवात करू. वही-पेन घ्या.

समजा, तुमच्या वडिलांनी तीस वर्षं राबून एक धंदा उभा केला. जागा, मशिनरी, माल सगळं धरून त्याची किंमत ३० लाख पौंड. वर्षाला सगळा खर्च जाऊन हातात उरतात ३५ हजार पौंड. वडील गेले. धंदा तुमच्या नावावर आला आणि सरकार म्हणालं, "४ लाख पौंड कर भरा." हप्ते करून मिळतील, १० वर्षं, बिनव्याजी. म्हणजे वर्षाला ४० हजार.

कमाई ३५, हप्ता ४०. आता सांगा, तुम्ही श्रीमंत आहात की अडचणीत?

आकडे मी सोपे घेतलेत आणि इतर सवलती बाजूला ठेवल्यात. पण ब्रिटनमध्ये याच गणितावरून सत्ताधारी पक्षाच्या खासदारांमध्येच वाद पेटला. तो नीट समजून घेऊ, कारण त्यातला धडा आपल्या गल्ल्यापर्यंत येतो.

आधी नियम काय होता?

ब्रिटनमध्ये माणूस वारल्यावर त्याच्या मालमत्तेवर वारसा कर लागतो. साधारण सव्वातीन लाख पौंडांच्या वर ४० टक्के. पण शेतजमीन आणि घरचा धंदा यांना मोठी सूट होती. १९९२ पासून पात्र शेती, धंदा किंवा शेअर बाजारात नसलेल्या कंपनीचे शेअर्स पुढच्या पिढीकडे जाताना बहुतेक वेळा हा कर शून्य असायचा. विचार असा, की कर भरायला धंदाच विकावा लागू नये.

३० ऑक्टोबर २०२४ ला लेबर पक्षाच्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी बजेट मांडलं आणि ही सूट आवळली. एप्रिल २०२६ पासून शेती आणि धंदा मिळून पहिल्या १० लाख पौंडांपर्यंत पूर्ण सूट, त्याच्यावर निम्मी. म्हणजे वरच्या रकमेवर प्रत्यक्षात २० टक्के कर. वरचं गणित याच नियमाचं आहे: २० लाखांवर २० टक्के, म्हणजे ४ लाख.

सरकारचं म्हणणंही ऐका

एकच बाजू ऐकून मत बनवायचं नाही, ही आपली सवय. सरकारची आकडेवारी अशी होती की शेतीवरच्या सवलतीचा ४० टक्के फायदा दावे करणाऱ्यांपैकी फक्त वरच्या ७ टक्के मालमत्तांना मिळतो. शिवाय नांगराला कधी हात न लावलेले पैसेवाले कर वाचवायला जमिनी घेतात आणि त्यामुळे जमिनीचे भाव चढतात. मग हा पैसा दवाखान्यांना, शाळांना का मिळू नये? मुद्दा पोकळ नाही.

शेतकऱ्यांचं उत्तरही पोकळ नव्हतं. जमिनीचा भाव कागदावर करोडोंचा, पण तिच्यातून निघणारं उत्पन्न थोडकं. १९ नोव्हेंबर २०२४ ला हजारो शेतकरी लंडनमध्ये संसदेजवळ जमले. पुढे वर्षभर ट्रॅक्टर पुन्हा पुन्हा रस्त्यावर येत राहिले.

आता खरी गोष्ट: पक्ष की मतदार?

लेबर पक्षाने २०२४ च्या निवडणुकीत बऱ्याच ग्रामीण जागा पहिल्यांदाच जिंकल्या होत्या. तिथले खासदार कात्रीत सापडले. मतदारसंघात गेलं की शेतकरी जाब विचारणार आणि संसदेत आलं की पक्षाचा व्हिप.

२ डिसेंबर २०२५ ला या कराचा ठराव मतदानाला आला. मार्कस कॅम्पबेल-सेव्हर्स, पेनरिथ अँड सॉल्वे या उत्तर इंग्लंडमधल्या ग्रामीण भागाचे लेबर खासदार. त्यांनी आपल्याच सरकारच्या विरोधात मत दिलं. पक्षातून असं करणारे ते एकटेच. आणखी तीसहून जास्त लेबर खासदारांचं मत नोंदलंच गेलं नाही. सगळेच निषेध म्हणून गैरहजर नव्हते, पण बरेच जण मुद्दाम बाजूला राहिले.

ठराव आरामात पास झाला. कॅम्पबेल-सेव्हर्स यांना संसदीय पक्षातून निलंबित केलं गेलं.

त्यांचं म्हणणं नीट बघा. "श्रीमंतांवर कर नको" असं ते म्हणत नव्हते. त्यांची काळजी होती म्हाताऱ्या शेतकऱ्यांची, ज्यांना तयारीला वेळच उरला नाही. तिथे नियम असा आहे की मालमत्ता मुलांना बक्षीस दिली आणि देणारा त्यानंतर ७ वर्षं जगला, तर तिच्यावर वारसा कर लागत नाही. पन्नाशीचा माणूस हे करू शकतो. ऐंशी पार केलेल्या आजोबांनी काय करायचं?

तीन आठवडे गेले. २३ डिसेंबर २०२५ ला सरकारने मर्यादा १० लाखांवरून २५ लाख पौंडांवर नेली. नवरा-बायको मिळून ५० लाख. सरकारच्याच अंदाजाने शेतीवरच्या सवलतीत जास्त कर भरावा लागणाऱ्या मालमत्तांची संख्या जवळपास निम्मी झाली. कर रद्द झाला नाही. पण आपलं गणित परत करा: आता कर फक्त ५ लाखांवर, म्हणजे १ लाख. वर्षाला १० हजार. ३५ हजारांच्या कमाईत हा हप्ता बसतो.

एकट्या मतामुळे हे झालं असं म्हणता येणार नाही. वर्षभराची आंदोलनं, संघटना, पक्षातली कुजबुज सगळं मिळून झालं. पण घरातलाच माणूस उघडपणे "हे जमणार नाही" म्हणाला, याचं वजन वेगळं असतं.

आपल्याकडे काय?

आपल्याकडेही असा कर होता. १९५३ साली इस्टेट ड्युटी आली. सर्वात वरचा दर एका काळी ८५ टक्के! वसुली मात्र वर्षाला जेमतेम २० कोटींच्या आसपास आणि कटकट जास्त. १६ मार्च १९८५ पासून ती बंद झाली. गंमत म्हणजे त्याच महिन्यात, १ मार्चला, पक्षांतरबंदी कायदा लागू झाला. म्हणून आपल्याकडे व्हिप मोडला तर नुसतं निलंबन नाही, खासदारकीच जाऊ शकते.

"सर, आपल्याला वारसा कर नाही, मग मला काय त्याचं?" असं म्हणाल, तर थांबा. कर नसला तरी धंदा पुढच्या पिढीकडे आपोआप जात नाही.

- प्रोप्रायटरशिप असेल तर जीएसटी, करंट अकाउंट, लायसन्स सगळं मालकाच्या नावावर. मालक गेला की खातं अडकतं आणि वारसाला नवी जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. माल तयार, पण बिल कोणाच्या नावाने फाडणार?
- भागीदारी असेल तर करारात वेगळं लिहिलेलं नसेल, तर भागीदाराच्या मृत्यूने फर्मच संपते. आजच डीड काढून ते कलम शोधा.
- नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो सांभाळणारा. हक्क ठरतो मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं.
- मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही आणि नोंदणीची सक्तीही नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच.

ब्रिटनच्या त्या खासदाराचा मुद्दा एका ओळीत सांगायचा तर, मालमत्ता असून भागत नाही, हातात रोकड आणि हातात वेळ लागतो. त्यांच्यासाठी कोणीतरी संसदेत वेळ मागितला. तुमच्यासाठी तो कोण मागणार? तुम्हालाच काढायचाय.

या आठवड्याचा गृहपाठ: एका कागदावर तीन गोष्टी लिहा. मी उद्या नसलो तर दुकानाची किल्ली कोणाकडे? बँकेची सही कोणाची? उधारीची वही कोणाला समजते? तो कागद घरच्यांसमोर वाचून दाखवा. विषय अवघड आहे, मला माहितीये. पण पोह्याची डिश समोर ठेवून पंधरा मिनिटांत होतो.

झालं की कमेंटमध्ये फक्त "केलं" एवढंच लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!